आयोडीन न घालता पाहिलेली पेशी

गेली 19 वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करते, तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकते. मुलं रांगेनं सूक्ष्मदर्शीपाशी येतात, विटा रचल्यासारख्या पेशी बघतात आणि वहीत आकृती काढतात. या सुट्टीत शिक्षकांसाठीच्या एका उपक्रमातून मला पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहा दिवस राहायला मिळालं. रोज रात्री वहीत जे उतरवलं, तेच थोडं नीट करून इथे देते आहे.

दिवस पहिला

पहाटे पोचले, बॅग खोलीत टाकली आणि नऊ वाजता प्रयोगशाळेत हजर झाले. पीएचडी करणारी एक मुलगी सहाही दिवस माझ्यासोबत असणार होती. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, वर्गात तुम्ही पेशी कशी दाखवता?"

मी कांद्याचं सांगितलं.

"आयोडीन टाकून?"

"हो, नाहीतर केंद्रक नीट दिसत नाही."

"आयोडीननं पेशी मरते ना, मॅडम. म्हणजे तुमच्या मुलांनी जिवंत पेशी अजून पाहिलेलीच नाही."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती, ती फक्त आहे ते सांगत होती. पण मला ते लागलं. आयोडीननं पेशी मरते हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी कधी तसा विचारच केला नव्हता.

तिनं पाण्याच्या टबातून हायड्रिलाची काडी काढली, टोकाजवळचं एक कोवळं पान स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवलं आणि वर काच टाकली. हे पान जेमतेम दोन पेशी जाडीचं असतं, त्यामुळे काप घ्यावा लागत नाही. मी डोळा लावला. पेशीच्या भिंतींना चिकटून हिरवे दाणे, म्हणजे हरितलवकं, गप्प बसलेली. "थांबा जरा," ती म्हणाली. "दिव्याचा उजेड पडू दे त्यांच्यावर."

चार-पाच मिनिटं गेली. मग एका पेशीच्या कडेचा एक दाणा सरकला. आधी वाटलं, माझाच हात लागला. पण त्याच्या मागचाही सरकला, त्याच्या मागचाही. बघता बघता सगळी माळच भिंतीच्या कडेनं निघाली. कोपऱ्यात वळली, खालच्या भिंतीनं परतली, पुन्हा वळली. पेशीच्या मधली मोठी जागा रिक्तिकेनं व्यापलेली असते, म्हणून पेशीद्रव्याला कडेच्या अरुंद पट्टीतूनच वाहावं लागतं. त्या पट्टीत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे अंथरलेले असतात, त्यांच्यावरून मायोसिनचे रेणू चालतात आणि आपल्यासोबत सगळं ओढून नेतात. आपला दंड आकुंचन पावतो तेव्हा काम करणारी जोडीही हीच, ॲक्टिन आणि मायोसिन. वर्गात मी स्नायू एका धड्यात शिकवते आणि पेशी दुसऱ्या.

मग काचेच्या एका कडेला मिठाचं पाणी सोडलं आणि दुसऱ्या कडेनं टिपकागदानं ओढून घेतलं. पेशीपटल भित्तिकेपासून सुटून आत आकसलं, हिरवे दाणे मधे गोळा झाले. साधं पाणी दिल्यावर पटल पुन्हा फुगून भिंतीला टेकलं. हे जे पटल आत-बाहेरचा सगळा व्यवहार सांभाळतं, त्याची जाडी एका मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकी असते.

शेवटी मीच म्हटलं, आता आयोडीन टाकून बघू. थेंब कडेला ठेवला. पिवळसर रंग पानावरून सरकत आला आणि तो पोचेल तिथली मिरवणूक थांबत गेली. एका बाजूला अजून दाणे फिरत होते, दुसऱ्या बाजूला सगळं स्तब्ध, तपकिरी, स्वच्छ आणि रेखीव. आकृती काढायला अगदी सोपं. माझ्या मुलांनी आजवर जे पाहिलं ते हे.

1665 साली रॉबर्ट हूकनं बुचाचा काप पाहून त्या रिकाम्या खणांना 'सेल' म्हटलं. त्यालाही दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या भिंतीच. नाव मात्र तेच राहिलं.

दिवस दुसरा

आज प्राण्यांच्या पेशी. इथली शिस्त देवघराच्या सोवळ्यापेक्षा कडक. हातमोज्यांवर 70 टक्के अल्कोहोल, बाटल्यांवर अल्कोहोल, हूडच्या ओट्यावर अल्कोहोल. हूडमध्ये गाळलेल्या हवेचा पडदा सतत खाली वाहत असतो, त्याच्या आत हात घालून काम करायचं. झाकण उघडं ठेवायचं नाही, उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही.

इन्क्युबेटरमध्ये 37 अंश तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यातून तिनं एक चपटा फ्लास्क काढला. तळाशी गुलाबी द्रव, ज्याला इथे सगळे मीडिया म्हणतात. त्यात साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं आणि वासराच्या रक्तातला सीरम असतो. गुलाबी रंग फिनॉल रेडचा. पेशी खातात, आम्ल सोडतात, तसा रंग नारिंगी आणि मग पिवळा होत जातो. भूक आणि वर्दळ दोन्ही रंगावरून कळतात.

उलट्या रचनेच्या सूक्ष्मदर्शीखाली, म्हणजे भिंग खाली आणि दिवा वर, फ्लास्क ठेवला. काचेला चिकटून पसरलेल्या, टोकदार, एकमेकींना खेटलेल्या पेशी. रंग दिलेला नव्हता, तरी कडा आणि केंद्रक उठून दिसत होते. ही फेज कॉन्ट्रास्टची करामत. पेशीतून जाताना प्रकाशलहर किंचित मागे पडते, तो डोळ्यांना न दिसणारा फरक फ्रिट्स झर्निके यांनी उजेड-सावलीत उतरवला. 1953 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. त्याआधी पेशी ठळक बघायची तर बहुतेक वेळा ती मारून रंगवावी लागे.

"या हेला," ती म्हणाली.

नाव मी ऐकलं होतं. हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकेतली एक कृष्णवर्णीय बाई. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा घेतला गेला. तिला विचारलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वारली, वय 31. तिच्या पेशी मात्र थांबल्या नाहीत. पोलिओच्या लशीच्या चाचण्यांपासून पुढे हजारो प्रयोगशाळांत त्या वाढत राहिल्या, आणि घरच्यांना याचा पत्ता लागायला वीसेक वर्षं गेली. मी भिंगातून मान वर काढली आणि थोडा वेळ तशीच बसले. काल हायड्रिलाचं पान होतं. आज कुणाच्या तरी आईच्या शरीरातला अंश समोर होता. त्या मुलीनं मला घाई केली नाही. वर्गात हेला शब्द उच्चारला तर त्याआधी त्या बाईचं पूर्ण नाव घ्यायचं, एवढं मी वहीत लिहून ठेवलं.

या पेशी इतकी वर्षं कशा वाढतात? साधी मानवी पेशी तशी वाढत नाही. लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 साली दाखवलं की बशीतल्या साध्या पेशी साधारण 40 ते 60 वेळा विभागतात आणि मग थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाचे पट्टे असतात, ते प्रत्येक विभाजनात थोडे झिजतात, आणि फार तोकडे झाले की पेशी पुढचं विभाजन नाकारते. हेला पेशींमध्ये टेलोमरेज हे विकर ती टोकं पुन्हा भरून काढत राहतं. त्यांची गुणसूत्रंही 46 नाहीत, सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा या पेशींकडे बघून निरोगी पेशीबद्दल बोलताना जपून बोलायला हवं.

दुपारी फ्लास्क भरला होता म्हणून पेशी स्प्लिट करायच्या होत्या. जुना मीडिया काढला, ट्रिप्सिन घातलं. हे विकर पेशींचे काचेला धरलेले हात सोडवतं. तीन-चार मिनिटांत पसरलेल्या पेशी गोल झाल्या आणि फ्लास्कला टिचकी मारल्यावर तरंगायला लागल्या. त्यातला आठवा हिस्सा एका नव्या फ्लास्कमध्ये, आठवा दुसऱ्यात. दोन्ही मी माझ्या हातानं केले, वर तारीख लिहिली.

दिवस तिसरा

सकाळी इन्क्युबेटर उघडला आणि पोटात गोळाच आला. माझा दुसरा फ्लास्क पिवळा पडला होता, द्रव ढगाळ. भिंगाखाली पेशींच्या मधल्या जागेत असंख्य बारीक ठिपके थरथरत होते. जिवाणू. कुठेतरी माझं झाकण क्षणभर जास्त उघडं राहिलं असणार. आत ब्लीच ओतून तो फ्लास्क टाकून द्यावा लागला. चुटपूट लागून राहिली, कारण काल हेन्रिएटाची गोष्ट ऐकल्यावर तो फ्लास्क माझ्या लेखी नुसता फ्लास्क उरला नव्हता.

पण त्या ढगाळ पाण्यानं जे शिकवलं ते एरवी राहून गेलं असतं. हेला पेशीला एकीच्या दोन व्हायला साधारण एक दिवस लागतो. ई. कोलायसारख्या जिवाणूला चांगलं अन्न मिळालं तर 20 मिनिटं. मी कागदावर मांडलं. 12 तासांत 36 दुपटी, म्हणजे एकाचे 6,800 कोटींहून जास्त. प्रत्यक्षात अन्न संपतं आणि वाढ आधीच अडते, पण एका रात्रीत फ्लास्क का गढुळला हे त्या आकड्यावरून कळलं.

त्यावर तिनं मला एक कोडं घातलं. "ई. कोलायच्या डीएनएत 46 लाख अक्षरं आहेत. नक्कल एका ठिकाणी सुरू होते आणि दोन्ही दिशांनी जाते, प्रत्येक बाजूला सेकंदाला हजारेक अक्षरं. किती वेळ लागेल?"

मी गुणाकार-भागाकार केला. 2,300 सेकंद, म्हणजे जवळपास 40 मिनिटं. "मग 20 मिनिटांत विभागतो कसा?"

ती हसली आणि चहा प्यायला निघून गेली. मी तिथेच बसले. दोनदा आकडे तपासले. मग एकदम लक्षात आलं. आपली नक्कल पुरी व्हायच्या आतच तो पुढच्या पिढीची नक्कल सुरू करत असणार. जन्मलेल्या जिवाणूच्या डीएनएवर नातवंडांसाठीचं काम आधीच चालू असणार. ती परतल्यावर सांगितलं, तर म्हणाली, "बरोबर, मॅडम." इतकं निखळ समाधान मला फार दिवसांत मिळालं नव्हतं.

दुपारी अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शी. तंतुकणिकांना चिकटणारा लाल चकाकणारा रंग जिवंत पेशींना दिला होता. फळ्यावर मी तंतुकणिका काढते ती शेंगदाण्याच्या आकाराची, आत नागमोडी घड्या, पेशीत इकडे तीन तिकडे चार. इथे दिसलं ते लांब लाल धाग्यांचं जाळं. धागे वळवळत होते. दोन धागे जवळ आले, टोकं टेकली आणि त्यांचा एक झाला. दुसरीकडे एकाचे दोन झाले. मधूनच एखादा तुकडा सरळ रेषेत निघे, थांबे, पुन्हा निघे.

सरळ रेषेत जाणाऱ्यांच्या खाली सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात. त्यांच्यावरून कायनेसिन नावाचं प्रथिन दोन पायांवर चालतं, ओझं पाठीवर घेऊन. एक पाऊल 8 नॅनोमीटरचं, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. सेकंदाला शंभरेक पावलं टाकली तरी एक मायक्रोमीटरही होत नाही.

तो एटीपी तयार करणारं यंत्र तंतुकणिकेच्या आतल्या पटलात बसवलेलं असतं आणि ते खरोखर गरगर फिरतं. पटलाच्या एका बाजूला हायड्रोजनचे आयन साठतात, ते या यंत्रातून घुसून पलीकडे जातात आणि जाताना त्याचा आस फिरवतात. एका फेऱ्यात तीन एटीपी. हे फिरणं आधी तर्कानं मांडलं होतं. 1997 साली जपानी संशोधकांनी त्या आसाला ॲक्टिनचा चकाकता धागा चिकटवला आणि तो पंख्याच्या पात्यासारखा फिरताना सूक्ष्मदर्शीखाली पाहिला. पेशीत एका क्षणाला असलेला एटीपीचा साठा एक-दोन मिनिटांत खर्च होतो, पुन्हा भरतो. 'तंतुकणिका पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे' हे वाक्य मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलंय. त्या वाक्यात ही धावपळ कुठेच नाही.

बाकीचे बहुतेक रेणू मात्र कुणी वाहून नेत नाही. ते आपले धक्के खात भटकतात. पेशीच्या आत इतकी दाटी असते की प्रत्येक रेणू क्षणाला असंख्य वेळा कुणावर तरी आदळतो, आणि त्या आदळण्यातच विकराला त्याचा जोडीदार सापडतो. हे ऐकून मला आधी अस्वस्थ वाटलं. इतकी नेमकी कामं अशा धक्काबुक्कीवर चालतात? पण अंतरं फार लहान आणि धक्के फार वेगाचे, त्यामुळे गाठ पडतेच.

दिवस चौथा

आजचा दिवस रात्रीसाठी राखलेला होता. आज विभाजन बघायचं होतं.

तिची तयारी दोन दिवस चालली होती. वेगळ्या बशीतल्या हेला पेशींना तिनं भरपूर थायमिडीन दिलं होतं. त्यामुळे डीएनएच्या नकलेला लागणारी सामग्री बेताल होते आणि सगळ्या पेशी नकलेच्या तोंडाशी अडून राहतात. दुपारी दोनला तिनं थायमिडीन धुऊन काढलं. "आता सगळ्या एकदम सुटल्या. रात्री अकरा-साडेअकराला बघा."

म्हणजे नऊ-दहा तास थांबायचं. मधून मधून मी भिंगातून बघत होते. काहीच घडत नव्हतं. पसरलेली पेशी, मधे गोल केंद्रक. मी शिकले तेव्हा दोन विभाजनांच्या मधल्या या काळाला पुस्तकात 'विश्रांती अवस्था' म्हणायचे, आणि आंतरावस्था हा शब्द आल्यावरही माझ्या तोंडून वर्गात कधीकधी विश्रांतीच निघतं.

त्या विश्रांतीत काय चाललं होतं ते मी दुपारभर वहीत उतरवत बसले. आपल्या साध्या पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो. केंद्रक दहा सेंटिमीटरच्या चेंडूएवढं मोठं करून कल्पिलं, तर त्यात 20 किलोमीटर लांबीचा आणि 0.02 मिलिमीटर जाडीचा धागा कोंबलेला असेल, 46 तुकड्यांत. त्या धाग्याचं प्रत्येक अक्षर एकदाच, आणि नक्की एकदाच, उतरवायचं. मानवी पेशीत नक्कल सेकंदाला पन्नासेक अक्षरांच्या गतीनं सरकते. पहिल्या गुणसूत्रात 25 कोटींच्या आसपास अक्षरं आहेत. मधोमध एका ठिकाणी सुरू करून दोन्हीकडे जायचं म्हटलं तर महिना लागेल. म्हणून पेशी हजारो ठिकाणी सुरुवात करते आणि साताठ तासांत काम उरकते. उतरवताना चुका होतात, त्या जागीच खोडल्या जातात, उरलेल्या मागून येणारी दुरुस्तीची प्रथिनं शोधतात. शेवटी राहते ती अब्ज अक्षरांमागे एखादी. याच काळात प्रथिनं, पटलं, तंतुकणिका सगळं वाढत असतं, कारण दोन मुलींना वाटून द्यायला घर दुप्पट व्हायला हवं. आणि हे सगळं होत असताना मला भिंगातून दिसत होता एक शांत वाटोळा केंद्रक.

रात्री दहा वाजता आम्ही अंधाऱ्या खोलीत गेलो. डीएनए ज्याच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनाला या पेशींमध्ये जेलीफिशमधलं हिरवं चकाकणारं प्रथिन जोडलेलं आहे, त्यामुळे डीएनए हिरवा दिसतो. मला वाटलं होतं, डोळा लावून सलग बघायचं. पण तीव्र उजेडानं पेशीला इजा होते, विभाजनच अडतं. म्हणून दर तीन मिनिटांनी झडप क्षणभर उघडायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा अंधार. पडद्यावर चित्र बदलेपर्यंत आम्ही दोघी काळोखात बसून.

10 वाजून 48 मिनिटांनी एक पेशी निवडली.

11.24. केंद्रकाचा एकसारखा हिरवा रंग दाणेदार झाला. पेशी कडा आवरून घ्यायला लागली.

11.39. पेशी जवळजवळ गोल. केंद्रकाची रेघ नाहीशी, केंद्रकपटल विरघळलेलं. आत जाड हिरव्या काड्या, अस्ताव्यस्त. काही तासांपूर्वी जो धागा दिसण्याच्या पलीकडे बारीक होता, तो आता गुंडाळून हजारो पट आखूड झालेला. लांब दोरे गुंता न होता वाटायचे तर आधी त्यांच्या लडी करायला हव्यात, हे विणकाम करणाऱ्या कुणालाही पटेल.

11.51. बहुतेक काड्या मधल्या रेषेवर. दोन बाहेर.

तुर्कतंतू आम्हाला दिसत नव्हते, त्यांना रंग नव्हता, पण त्यांचं काम दिसत होतं. हे तंतू म्हणजे त्याच सूक्ष्मनलिका, कालच्या रुळांच्या. त्या दोन ध्रुवांकडून वाढत येतात, काही न सापडल्यास कोसळतात, पुन्हा वाढतात. चाचपडणाऱ्या बोटांसारख्या. हे वाढणं-कोसळणं मिचिसन आणि कर्शनर यांनी 1984 साली दाखवलं. गुणसूत्रबिंदूवर बोट लागलं की धरतं. चुकून दोन्ही बाजूंना एकाच ध्रुवाकडचे तंतू लागले तर ओढ एकाच दिशेला राहते, मधे ताण येत नाही, आणि ताण नसलेली गाठ पेशी सोडवून टाकते. दोन्हीकडून ओढ बसली, ताण आला, की गाठ पक्की. कुणीही वरून बघत नसताना चूक-बरोबर ओळखायची ही रीत मला फार सुंदर वाटली.

12.06. एकच काडी बाहेर उरली, ध्रुवाजवळ अडकलेली. बाकी सगळी रांग तयार.

12.09. तशीच.

12.12. तशीच. माझा जीव टांगणीला लागला होता. "ही राहिली तर?" मी विचारलं.

"तिच्यासाठी सगळ्या थांबतील."

एकाही गुणसूत्राला तंतू लागायचा राहिला असेल तर तिथून 'थांबा' असा रासायनिक निरोप पसरत राहतो. 1995 साली रायडर आणि सहकाऱ्यांनी अशा शेवटच्या मोकळ्या जोडाला लेझरनं नष्ट केलं, तर निरोप बंद पडला आणि पेशी ते गुणसूत्र न लावताच पुढे गेली. म्हणजे एवढ्याशा ठिपक्याच्या शब्दावर अख्खी पेशी थांबलेली असते.

12.18. काडी निघाली. मधल्या रेषेकडे.

12.21. रांगेत.

त्यानंतरचं चित्र हललंच नाही. 12.27 ला पडद्यावर एका हिरव्या रेषेच्या जागी दोन रेषा होत्या, अगदी समांतर. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. जुळ्या अर्धगुणसूत्रांना कवटाळून ठेवणाऱ्या कोहेसिनच्या कड्या एका विकरानं कापल्या होत्या, सगळ्या जवळपास एकाच वेळी. 12.30 ला रेषा दूर गेलेल्या. 12.36 ला पेशीच्या कमरेला खाच पडली. ॲक्टिन आणि मायोसिनचा पट्टा तिथे आवळत होता. पहिल्या दिवशी पानात हिरवे दाणे फिरवणारी जोडीच इथे पेशी दोन करत होती.

एक वाजेपर्यंत दोन्ही मुली काचेवर पुन्हा पसरू लागल्या होत्या, मधे एक बारीक पूल धरून. तो तुटायला बराच वेळ लागतो.

वॉल्थर फ्लेमिंगला यातलं एकही साधन मिळालं नव्हतं. सॅलॅमँडरच्या अळ्यांच्या मोठ्या, पारदर्शक पेशी, नवे कृत्रिम रंग आणि हातातली पेन्सिल. मारून रंगवलेल्या शेकडो पेशी बघून कोणती स्थिती आधीची आणि कोणती नंतरची हे त्यानं ठरवलं, जिवंत पेशींशी ताडून पाहिलं आणि 1882 साली छापलं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही आपण पाठ करतो ती चार चित्रं त्याच परंपरेतली. ती चुकीची नाहीत. पण 12.06 ते 12.18 चा तो वेळ त्या चार चित्रांत कुठेच बसत नाही, आणि मला विचाराल तर विभाजनाचा प्राण त्यातच आहे.

दिवस पाचवा

उशिरा उठले. शेजारच्या प्रयोगशाळेत यीस्ट बघायला गेले. हे विभाजी यीस्ट, काडीच्या आकाराचं. टोकांना वाढत जातं, साधारण 14 मायक्रोमीटर झालं की मधोमध भिंत घालून दोन. वाढ आणि विभाजन एकमेकांशी बांधलेली आहेत हे इथे पट्टीनं मोजता येतं. 1970 च्या दशकात एडिंबरामध्ये पॉल नर्स यांना असं यीस्ट सापडलं जे लहान असतानाच विभागत होतं. त्यात एका जनुकाचा ब्रेक बिघडला होता. त्या वाटेनं ते विभाजन सुरू करणाऱ्या मुख्य जनुकापर्यंत पोचले. 1987 साली त्यांच्या गटानं ते जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाचे जनुक घातले, तर एका मानवी जनुकावर यीस्ट पुन्हा विभागू लागलं. यीस्ट आणि आपण वेगळे होऊन साधारण 100 कोटी वर्षं झाली असतील. इतक्या काळात किल्ली बदललेली नाही.

किल्ली सतत फिरती राहू नये याची सोय टिम हंट यांना 1982 च्या उन्हाळ्यात समुद्री अर्चिनच्या अंड्यांत दिसली. एक प्रथिन साठत जातं, विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं होतं, पुन्हा साठू लागतं. त्याचं नाव त्यांनी सायक्लिन ठेवलं. याच विषयावर काम करणारे लेलँड हार्टवेल, हंट आणि नर्स यांना 2001 चं नोबेल मिळालं.

दुपारी तिनं व्हिन्क्रिस्टीन दिलेली बशी दाखवली. हे औषध सदाफुलीतून मिळतं, सूक्ष्मनलिका बनूच देत नाही. बशीभर गोल पेशी, सगळ्या कालच्या 12.06 वर अडकलेल्या. 'थांबा' हा निरोप संपतच नाही. काही पेशींच्या अंगावर बुडबुडे उठत होते, त्या तुकडे होऊन विरत होत्या. पेशीचा हा ठरवून घेतलेला मृत्यू. कर्करोगावर औषध लागू पडतं ते असं. माझ्या जवळच्या माणसाला हे औषध दिलं होतं. तेव्हा मला सलाइनची बाटली तेवढी दिसायची, आत हे चालू असेल याची कल्पना नव्हती. मी ती बशी बराच वेळ बघत राहिले.

दिवस सहावा

दुपारी निघायचं होतं. सकाळी माझा उरलेला फ्लास्क काढला. मीडिया नारिंगी झालेला, तळ पूर्ण भरलेला. दुसऱ्या दिवशी काचेवर विरळ पसरलेल्या पेशींमध्ये आता बोट ठेवायला जागा नव्हती. कडेला दोन-तीन गोल, चकाकणाऱ्या पेशी दिसल्या. त्या गोल का आहेत ते आता कुणी सांगायची गरज नव्हती. मी त्यांच्यासाठी थोडं थांबले. एकीच्या कमरेला खाच पडेपर्यंत.

मग हातमोजे, अल्कोहोल, हूड. झाकण या वेळी नीट सांभाळलं. ट्रिप्सिन घातलं, टिचकी मारली, आठवा हिस्सा नव्या फ्लास्कमध्ये घातला.

"नाव काय लिहू?" मी विचारलं.

"पेशींचं नाव, पॅसेजचा आकडा, म्हणजे पेशी कितव्यांदा स्प्लिट केल्या ते, आणि तारीख. आणि तुमची आद्याक्षरं, मॅडम. फ्लास्क कुणाचा ते कळायला हवं."

मी लिहिलं आणि फ्लास्क आत ठेवून दार लावलं. निघताना तिनं हायड्रिलाच्या चार काड्या पाण्यासकट एका बाटलीत घालून दिल्या. प्रवासात ती बाटली मी मांडीवर धरून बसले होते, उजेडाच्या बाजूला.